टॅक्सीला ड्रायव्हर नाही, स्कूटरला मात्र आहे: इनहेरिटन्समुळे बिघडलेली क्लासची नाती कशी दुरुस्त करावीत

गाड्या भाड्याने देणाऱ्या धंद्याचं सॉफ्टवेअर घ्या. गोव्यात पर्यटकाला गाडी तीन तऱ्हांनी मिळते: ड्रायव्हरसकट टॅक्सी, स्वतः चालवायला स्कूटर किंवा कार, आणि पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पायलट म्हणजे आमच्याकडची मोटारसायकल-टॅक्सी. पुढचा मडगार्ड पिवळा आणि मागे एक प्रवासी. टीमने ‘वाहन’ नावाचा पॅरेंट क्लास केला, त्याखाली ‘टॅक्सी’, ‘भाड्याची गाडी’ आणि ‘पायलट’ असे त्याचा वारसा (इनहेरिटन्स) घेणारे तीन सबक्लास काढले आणि ‘वाहन’ला एका रेषेने ‘ड्रायव्हर’शी जोडून टाकलं. पहिल्या टप्प्यात फक्त टॅक्सीच्या स्क्रीन होत्या, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

मग भाड्याच्या स्कूटरचं पहिलंच बुकिंग सेव्ह होईना. ड्रायव्हर आयडी रिकामा चालत नाही, असा एरर. यावर दोन ठरलेले उतारे आहेत आणि दोन्ही मी वेगवेगळ्या टीममध्ये पाहिलेत. पहिला उतारा म्हणजे कॉलमवरची ती अटच काढून टाकायची. स्कूटर सेव्ह होते, पण त्याच वाटेने ड्रायव्हर न नेमलेली टॅक्सीही सेव्ह होते आणि दाबोळी विमानतळावर उतरलेला पाहुणा मोबाइलवर पावती धरून उभा राहतो. दुसरा उतारा त्याहून भारी. ड्रायव्हरच्या टेबलमध्ये ‘सेल्फ’ नावाचा एक खोटा माणूस भरायचा. महिनाअखेरीस सर्वाधिक फेऱ्या मारलेला ड्रायव्हर म्हणून हाच रिपोर्टमध्ये पहिला येतो, आणि मालक विचारतात, “हा सेल्फ कोण? याला बोनस लावायचा का?”

दोन्ही उताऱ्यांनी लक्षण दबतं, दुखणं तसंच राहतं. नवा सबक्लास आला की पुन्हा डोकं वर काढतं.

दुखणं नेमकं कुठे आहे

क्लास डायग्राममध्ये पोकळ त्रिकोणाचा बाण काढला की पॅरेंटची ॲट्रिब्यूट (माहितीचे रकाने) आणि मेथड (करायची कामं) सबक्लासकडे येतात, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पॅरेंटच्या असोसिएशन, म्हणजे दुसऱ्या क्लासशी जोडणाऱ्या रेषाही येतात, हे मात्र नजरेतून सुटतं, कारण चित्रात ती रेष सबक्लासच्या चौकटीला टेकलेली दिसत नाही. भाड्याची स्कूटर हे ‘वाहन’च आहे, असं तुम्ही बाण काढून सांगितलंत. प्रत्येक ‘वाहन’ला एक ड्रायव्हर असतो, असं रेष काढून सांगितलंत. मग स्कूटरलाही ड्रायव्हर असलाच पाहिजे, हे तुम्ही न लिहिता लिहिलेलं आहे. रेषेच्या टोकावरची मल्टिप्लिसिटी, म्हणजे किती जोडता येतील तो आकडा, हीही जशीच्या तशी खाली उतरते. ही रेष नाकारायची सोय सबक्लासला नाही. मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे सबक्लासमध्ये नव्याने लिहून, आतून एक्सेप्शन (एरर) फेकता येतं, पण त्याने रेष जात नाही. पॅरेंटने दिलेला शब्द तेवढा मोडतो.

म्हणून पॅरेंटच्या रेषेवर ‘०..१’ (एकही नाही किंवा एक) दिसलं की मला आधी संशय येतो. ते खरंही असू शकतं. गाडीला जीपीएस यंत्र बसवलेलं असेल किंवा नसेल, कुठल्याही प्रकारची गाडी असो. पण बहुतेक वेळा त्या आकड्याचा अर्थ असतो, ‘टॅक्सीला नेहमी एक, स्कूटरला कधीच नाही’. दोन पक्के नियम एका ढिल्या नियमात विरघळून गेलेले असतात. तपासायला एक साधी क्वेरी पुरते. वाहनाच्या प्रकारानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात ड्रायव्हर आयडी किती ओळींत रिकामा आहे ते मोजा. ‘सेल्फ’सारखा खोटा माणूस भरलेला असेल तर तोही रिकाम्यातच धरा. एका गटात सगळ्या ओळी रिकाम्या आणि दुसऱ्यात जवळपास एकही नाही, असं दिसलं तर रेष चुकीच्या उंचीवर टांगलेली आहे. सगळ्याच गटांत थोड्याफार रिकाम्या असतील तर ‘०..१’ बहुधा खरा आहे, त्याला हात लावू नका.

रेष खाली आणायची की वर न्यायची

वाक्य मोठ्याने म्हणून बघायचं आणि सुरुवात ‘प्रत्येक’ने करायची. ‘प्रत्येक वाहनाला एक ड्रायव्हर असतो.’ म्हणताना जीभ अडखळली आणि ‘म्हणजे, टॅक्सी असेल तर’ अशी पुस्ती जोडावी लागली, तर रेष खाली आणायची. ही कसोटी बाळबोध वाटते, पण मीटिंगमध्ये गाड्यांच्या मालकाला समोर बसवून केली की डिझाइनचे निम्मे वाद तिथेच मिटतात. त्यांना क्लास कळत नसेल, ‘प्रत्येक’ कळतं.

आपल्या उदाहरणात एक अडचण आहे. ड्रायव्हर टॅक्सीला लागतो आणि पायलटलाही लागतो. रेष टॅक्सीवर आणली तर तीच पुन्हा पायलटवर काढावी लागेल. इथे मधला एक क्लास घालावा का? माझं मत असं की त्या क्लासला धंद्यात आधीपासून नाव किंवा खूण असेल तरच घालावा. इथे ती खूण रस्त्यावर दिसते. ड्रायव्हरसकट भाड्याने धावणाऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी. म्हापशाच्या जीए ०३ गाड्यांच्या रांगेतसुद्धा कुठली कुठल्या गटातली ते लांबून कळतं. म्हणजे ‘ड्रायव्हरसकट वाहन’ हा वर्ग आपण शोधून काढलेला नाही, आरटीओच्या नियमांत तो आधीच आहे. त्याला ड्रायव्हरची रेष जोडा, मल्टिप्लिसिटी ‘किमान एक’ ठेवा, आणि खाली टॅक्सी व पायलट लटकवा. याउलट, फक्त दोन रेषा वाचवायला ‘बेसवाहन२’ किंवा ‘ॲबस्ट्रॅक्टचालितवाहन’ असले क्लास जन्माला घालू नका. पुढच्या माणसाला ते काय आहे ते कधीच समजत नाही.

चालू सिस्टिममध्ये हा बदल करताना क्रम पाळा. आधी मधल्या क्लासचं टेबल किंवा कॉलम तयार करून जुन्या ओळींतला ड्रायव्हर तिकडे कॉपी करा. मग वाचणारा कोड तिकडे वळवा, नंतर लिहिणारा. खोट्या ड्रायव्हरच्या नावावरच्या फेऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या आहेत की खरोखर ड्रायव्हर विसरलेल्या टॅक्सीच्या, हे एकेक करून वेगळं काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर नव्या डिझाइनमध्ये जुनाच कचरा जातो. जुना कॉलम सगळ्यात शेवटी काढा.

उलटा घोळही तितकाच होतो. टॅक्सी ते विमा, पायलट ते विमा, भाड्याची गाडी ते विमा, अशा तीन सारख्या रेषा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केलेला आहे, म्हणजे ‘प्रत्येक’ची कसोटी इथे न अडखळता पास होते. रेष वर न्या. नेली नाही तर विम्याच्या टेबलमध्ये तीन फॉरेन की (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणारे) कॉलम होतात, त्यातले दोन कायम रिकामे. उद्या मिनीबस आली की चौथा.

सबक्लासमध्ये नियम कडक करताना

इथे जरा थांबतो, कारण अनुभवी लोकही इथेच अडकतात. रेष पॅरेंटवर बरोबर आहे, फक्त सबक्लासमध्ये मर्यादा लहान आहे, असं पुष्कळदा असतं. ‘वाहन’ आणि ‘प्रवासी’ यांच्यात पॅरेंटवर ‘कितीही’ अशी मल्टिप्लिसिटी आहे आणि ‘प्रवासी बसवा’ ही मेथड आहे. पायलटच्या मागे एकच माणूस बसतो, म्हणून पायलटमध्ये ही मेथड ओव्हरराइड करून दुसरा प्रवासी आला की एक्सेप्शन फेकलं. चित्रातही पायलटच्या टोकाला ‘०..१’ लिहिलं. वरवर अगदी चोख.

आता काउंटरचा कोड बघा. त्याच्या हातात ‘वाहन’ प्रकारचा रेफरन्स आहे, आत कोणता सबक्लास आहे हे त्याला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. चार जणांचं कुटुंब आलं. कोडने मोकळं वाहन उचललं आणि चार वेळा ‘प्रवासी बसवा’ म्हटलं. वाहन निघालं पायलट. पहिला बसला, दुसऱ्याला एक्सेप्शन, आणि अर्धवट बुकिंग डेटाबेसमध्ये पडून राहिलं. काउंटरच्या कोडचा इथे काय दोष? पॅरेंटने ‘कितीही बसवा’ असं सांगितलं होतं आणि त्याने तेच केलं. बार्बरा लिस्कोव्ह आणि जीनेट विंग यांनी १९९४ मध्ये सबटाइपचे जे नियम मांडले, त्यातला एक नेमका हाच आहे. मेथड बोलावण्यापूर्वीची अट सबक्लासने पॅरेंटपेक्षा कडक करायची नाही.

याची ठरलेली दुरुस्ती म्हणजे काउंटरच्या कोडमध्ये ‘हा पायलट आहे का’ असा इफ घालणं. तसं करू नका, कारण तोच इफ मग पावतीत, रिपोर्टमध्ये आणि मोबाइल ॲपमध्ये पसरतो. पॅरेंटचा शब्दच दुरुस्त करा. प्रत्येक वाहनाला क्षमता असते, स्कूटर असो वा टॅक्सी. पॅरेंटवरच नियम लिहा की जागा असेल तरच प्रवासी बसवता येईल, आणि ‘जागा किती’ हे विचारायची मेथड द्या. काउंटर आधी विचारेल, मग बसवेल. पायलटची क्षमता एक, टॅक्सीची चार, दोघंही पॅरेंटचा शब्द पाळतात आणि ओव्हरराइडची गरजच उरत नाही. गंमत म्हणजे, सबक्लासमधला फरक वाटत होता तो नुसता एक आकडा निघाला. असे फरक पुष्कळदा आकड्यावर भागतात, त्यासाठी वेगळा क्लास लागत नाही.

यातून एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नातं फक्त वाचायचं असेल तर सबक्लासने ते अरुंद केलेलं चालतं. ‘ड्रायव्हर कोण’ या मेथडने पॅरेंटमध्ये ‘व्यक्ती’ परत दिली आणि टॅक्सीमध्ये ‘बॅजधारक ड्रायव्हर’, तर कुणाचंच बिघडत नाही. तोही व्यक्तीच आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत आवृत्ती ५ पासून ही मुभा आहे. पण नातं बाहेरून बदलता येत असेल, सेटर (किंमत बदलणारी मेथड) असेल किंवा यादीत भर घालता येत असेल, तर अरुंद करणं महागात पडतं. खुद्द जावाच्या ॲरेमध्ये हा दोष आहे. स्ट्रिंगचा ॲरे ऑब्जेक्टचा ॲरे म्हणून कुठेही पाठवता येतो, त्यात आकडा भरायचा प्रयत्न कंपायलर मुकाट्याने मान्य करतो आणि प्रोग्रॅम चालताना ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’ येतं.

दोन झाडं शेजारी शेजारी

एका बाजूला वाहनांचं झाड, दुसऱ्या बाजूला परवान्यांचं. ‘वाहन’ ते ‘परवाना’ अशी एकच रेष वर काढली की टॅक्सीला भाड्याच्या गाडीचा परवाना जोडणं कोडच्या नजरेत वैध ठरतं. यूएमएल (क्लास डायग्रामची प्रमाण चिन्हभाषा) २.० पासून रेषेच्या टोकाला ‘सबसेट्स’ किंवा ‘रीडिफाइन्स’ लिहून खालच्या जोड्या बांधून देता येतात. चित्रासाठी ते उत्तम, पण कोडमध्ये ते आपोआप उतरत नाही. तिथे पॅरेंटला सेटर देऊच नका. परवाना सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) योग्य प्रकाराचाच घ्या आणि पॅरेंटवर फक्त वाचायची मेथड ठेवा.

पण त्याआधी रेष मुळात त्या क्लासला लागते का, हे बघा. टॅक्सीचं परमिट गाडीला मिळतं. स्वतः चालवायच्या गाड्यांचं तसं नाही. कारसाठी १९८९ची आणि दुचाकीसाठी १९९७ची केंद्राची योजना आहे, आणि त्यांखालचा परवाना धंदा चालवणाऱ्याला मिळतो, एकेका गाडीला नाही. म्हणजे ती रेष ‘वाहन’च्या झाडावर कुठल्याही उंचीला बसणार नाही, तिची जागा ‘व्यावसायिक’ या क्लासवर आहे. दोन झाडं एकमेकांना समांतर दिसायला लागली की हा प्रश्न जरूर विचारा. समांतरपणा कधी कधी आपण चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून आणलेला असतो.

मॉडेल बरोबर, तरी चालताना चुकतं

समजा रेषा सगळ्या जागेवर आहेत. तरी जावा आणि हायबरनेट (ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत ठेवणारी जावाची लायब्ररी) वापरणाऱ्यांना एक तक्रार हमखास येते: बुकिंगमधलं वाहन टॅक्सी आहे, डेटाबेसमध्ये टॅक्सी लिहिलंय, पण ‘इन्स्टन्सऑफ’ने (हा ऑब्जेक्ट या क्लासचा आहे का) विचारलं की उत्तर ‘नाही’. कधी कधी तोच कोड दुसऱ्या स्क्रीनवर ‘हो’ म्हणतो. त्यामुळे लोक भुताटकीच समजतात.

कारण साधं आहे. बुकिंग ते वाहन हे नातं पॅरेंट क्लासकडे जातं आणि लेझी लोड होतं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून येतं. हायबरनेटला त्या क्षणी आयडी माहीत असतो, प्रकार नाही. म्हणून तो ‘वाहन’चा एक प्रॉक्सी, म्हणजे तोतया ऑब्जेक्ट, बनवून हातात देतो. तो प्रॉक्सी ‘वाहन’चा सबक्लास असतो, ‘टॅक्सी’चा नाही. आतली ओळ नंतर लोड झाली तरी बाहेरचं आवरण तेच राहतं. दुसऱ्या स्क्रीनवर ती टॅक्सी आधीच थेट लोड झालेली असते, म्हणून तिथे ‘हो’. उपाय दोन. हायबरनेट ५.२.१० पासून ‘अनप्रॉक्सी’ मेथड आहे, तिने आवरण काढून मग विचारा. किंवा प्रकार विचारूच नका, हवं ते काम ‘वाहन’वरच्या मेथडने करवून घ्या, म्हणजे प्रॉक्सी ते आतल्या खऱ्या ऑब्जेक्टकडे पोचवतो. शक्य तिथे मी दुसराच घेतो.

जँगो (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांचं दुखणं याचाच चुलतभाऊ. मल्टी-टेबल इनहेरिटन्समध्ये (पॅरेंट आणि सबक्लासची वेगवेगळी टेबलं) पॅरेंटकडे जाणारी फॉरेन की तुम्हाला पॅरेंटचाच ऑब्जेक्ट देते, टॅक्सी हवी असेल तर त्याच्यावरच्या एकास एक दुव्यावरून खाली उतरावं लागतं. आणि पॅरेंट ॲबस्ट्रॅक्ट असेल तर त्याच्याकडे फॉरेन की नेताच येत नाही, कारण त्याचं टेबलच नसतं. हायबरनेटमधल्या ‘मॅप्ड सुपरक्लास’चंही तेच. ॲबस्ट्रॅक्ट पॅरेंटमध्ये ठरावीक ‘रिलेटेड नेम’ (उलट्या बाजूने नात्याला दिलेलं नाव) लिहिलेली फॉरेन की ठेवली आणि दोन सबक्लास केले की नावं एकमेकांवर आदळतात. तिथे नावात क्लासच्या नावाची जागा सोडावी लागते.

टेबलांचा प्रश्न यातूनच येतो. सगळं एकाच टेबलमध्ये ठेवलं तर सबक्लासच्या नात्याचा कॉलम सरसकट सक्तीचा करता येत नाही. प्रकाराच्या कॉलमकडे बघणारी चेक अट लिहावी लागते, आणि ती लिहायचा कंटाळा हेच टॅक्सीवाल्या घोळाचं एक मूळ आहे. प्रत्येक सबक्लासला संपूर्ण वेगळं टेबल दिलं तर विम्याची फॉरेन की दाखवायची कुणाकडे, हा पेच. पॅरेंटवर नाती जास्त असतील तर पॅरेंट आणि सबक्लासची एकमेकांना जोडलेली टेबलं बरी, जॉइन जास्त लागले तरी.

बाणच नको होता

काही वेळा रेषा कितीही हलवल्या तरी घोळ सुटत नाही, कारण मुळात इनहेरिटन्सच चुकलेलं असतं. नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘व्यक्ती’खाली ‘ड्रायव्हर’, ‘मालक’ आणि ‘ग्राहक’. पायलटवाला बहुतेक वेळा आपल्याच मोटारसायकलचा मालक असतो. रविवारी तोच नातेवाइकांसाठी आपल्याच ॲपवरून टॅक्सी बुक करतो. जावामध्ये एक ऑब्जेक्ट तीन भावंड-क्लासचा असू शकत नाही, म्हणून एका माणसाच्या तीन ओळी होतात, तीन फोन नंबर होतात, आणि एक बदलला की बाकीचे शिळे. इथे ‘व्यक्ती’ एकच ठेवा आणि ‘भूमिका’ हा वेगळा क्लास करून तिला जोडा. ड्रायव्हर, मालक, ग्राहक या भूमिका. फेऱ्यांची रेष ड्रायव्हरच्या भूमिकेला, मालकीची रेष मालकाच्या भूमिकेला.

ओळखायची खूण म्हणजे ऑब्जेक्ट जिवंत असताना त्याचा वर्ग बदलू शकतो का, हा प्रश्न. काळ्या प्लेटची गाडी उद्या मालक खाजगी करून विकू शकतो. गाडी तीच, इंजिन नंबर तोच, विम्याचा इतिहास तोच. बहुतेक भाषांत ऑब्जेक्टचा क्लास असा बदलता येत नाही, त्यामुळे जुना मारून नवा करावा लागतो आणि त्याची सगळी नाती तुटतात. त्यात विजेवरच्या गाड्या आल्या, त्यांची प्लेट हिरवी. म्हणजे वापर हा एक अक्ष आणि इंधन हा दुसरा. दोन्ही सबक्लासने मांडायला गेलात तर ‘इलेक्ट्रिक भाड्याची स्कूटर’ अशा जोडनावांची रांग लागते. वापर बदलतो, म्हणून त्याचा क्लास वेगळा करा, त्याला कधीपासून-कधीपर्यंत अशा तारखा द्या आणि ड्रायव्हर, परमिट वगैरे नाती त्याला जोडा. मी वर सुचवलेला मधला क्लास मग ‘वाहन’च्या नाही, ‘वापर’च्या झाडात जाऊन बसतो. गाड्यांचा वापर जिथे खरोखर बदलतो तिथे हे करा. नुसत्या टॅक्सी चालवणाऱ्या छोट्या धंद्यासाठी एवढा पसारा मांडू नका, तिथे तीन सबक्लास आणि जागेवर टांगलेल्या रेषा पुरतात.

राहिली चाचणी. पॅरेंटच्या प्रत्येक रेषेसाठी एक टेस्ट लिहा आणि तीच टेस्ट सगळ्या सबक्लासच्या ऑब्जेक्टवर चालवा: जागा असेपर्यंत प्रवासी बसतो का, विमा जोडता येतो का, काढल्यावर दोन्ही टोकांकडून निघतो का. एखाद्या सबक्लाससाठी टेस्ट वगळायचा मोह झाला, तर वगळण्याआधी डायग्राम उघडा.